अर्धांगीचा परवाना

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या पासपोर्टाच्या पानांवरही बांधल्या जातात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या हिंजवडीला मात्र ते आता पुरते ठाऊक झाले आहे.

म्हातोबाच्या यात्रेतल्या बगाडासाठी पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि गावाच्या बोलण्यात नवी मुळाक्षरे शिरली. मी वर्गात 'एच' हे इंग्रजीतले आठवे अक्षर म्हणून शिकवते. पण बाहेर ओट्यावर बसलेली म्हातारी 'एच-वन' आणि 'एच-फोर' यांतला फरक माझ्यापेक्षा चांगला सांगेल. एच-वन-बी म्हणजे अमेरिकेत नोकरी करणाऱ्याचा परवाना. एच-फोर त्याच्या जोडीदाराचा आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांचा. पहिला नोकरीवर उभा, दुसरा नात्यावर. आपले कवी पत्नीला वृक्षाच्या आधाराने चढणारी वेल म्हणत आले. कायद्याने ती उपमा अगदी शब्दशः घेतली, एवढेच.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी अशी वेल होऊन गेली. इंजिनिअर झालेली, इथल्याच एका कंपनीत चार वर्षे काम केलेली. तिथे गेल्यावर तिला काम करण्याची मनाई. 2015 पासून अशा जोडीदारांपैकी काहींना कामाची मुभा मिळू लागली. पण त्यासाठी नोकरदाराचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेले असावे लागते. तिच्या नवऱ्याचे गेले नव्हते. पुढे दोघांचे पटेनासे झाले. कुणाचे चुकले, हे मी तिला विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "बाई, मला तिथे भांडायचीसुद्धा सोय नव्हती. भांडण तुटेपर्यंत ताणले, तर तो आपल्या घरातच राहणार होता. मला मात्र देश सोडावा लागणार होता."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. नवराबायको नुसती वेगळी राहिली, तर कायद्याच्या लेखी लग्न शिल्लक असते, आणि तोवर एच-फोरही शिल्लक राहतो. घटस्फोटाचा हुकूम झाला, की जोडीदाराचा आधार संपतो. नोकरी सुटलेल्या एच-वनवाल्याला साठ दिवसांपर्यंतची मुदत मिळू शकते. लग्न सुटलेल्या जोडीदाराला घटस्फोटापायी तशी मुदत नाही. हुकूम होण्यापूर्वीच विद्यार्थ्याचा, पाहुण्याचा किंवा स्वतःच्या नोकरीचा परवाना मिळवण्याची खटपट करावी लागते. आश्रित म्हणून गेलेल्या पुरुषालाही हाच नियम. मग मनाने केव्हाच मोडलेला संसार कागदावर नांदता ठेवण्याचा मोह कुणाला झाला, तर त्याला हसावे कसे?

तिचा मुलगा तिथे जन्मलेला, म्हणून तिथला नागरिक. बाप नोकरीच्या परवान्यावर, आई बापाच्या परवान्यावर, आणि मुलगा कुणाच्याच नव्हे. एका ताटाभोवती बसणारी तीन माणसे, पण तिघांची पायाखालची जमीन निराळी! बापाला न विचारता मुलाला उचलून आणावे, तर तिथे तो गुन्हा ठरण्याची धास्ती. पळवून नेलेल्या मुलांसंबंधीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. इथली न्यायालये मुलाचे हित पाहून निर्णय देतात. पण तिला पळून यायचे नव्हते. तिने बापाची लेखी संमती घेतली आणि मगच ती विमानात बसली. पुढे दोघांनी परस्परसंमतीने शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. हेही शहाणपणाचेच झाले. कारण परदेशातला घटस्फोट इथे मानलाच जाईल असे नाही. हिंदू विवाह कायद्यात न बसणाऱ्या कारणावरून, बायकोने त्या न्यायालयाचा अधिकार मानलेला नसताना मिळवलेला हुकूम इथे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितले आहे. म्हणजे एकच बाई तिकडे घटस्फोटिता आणि इकडे सौभाग्यवती!

आता मुलगा आजोळी वाढतो आहे. पण तो परदेशी नागरिक, म्हणून आजीच्या घरी राहायलाही त्याला सरकारी कार्ड लागते. उलट, उन्हाळ्याच्या सुटीत तो बापाकडे निघाला, तर त्याची वाट मोकळी. त्याला पोचवायला जायचे, तर व्हिसाच्या रांगेत आईने उभे राहायचे.

अशा वेळी मला रखमाबाईंची आठवण होते. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मुंबईच्या हायकोर्टाने 1887 साली दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. नवऱ्यापासून सुटल्या, म्हणून त्यांना परदेशाची वाट मोकळी झाली. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी, नवऱ्यापासून सुटली म्हणून माझ्या विद्यार्थिनीची वाट बंद व्हावी, हा काळाचा उफराटा न्याय म्हणायचा.

ती पुन्हा पार्कातल्या नोकरीवर जाऊ लागली आहे. कंपनीने पुढेमागे बाहेर पाठवले, तर ती स्वतःच्या नावाच्या परवान्यावर जाईल.

लेक परदेशी देताना आपण मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो, पत्रिकाही पाहतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला संकोचू नये : तिच्या पासपोर्टावर शिक्का कोणता असेल, आणि त्यावर तिला चार पैसे मिळवता येतील ना? असे विचारणे म्हणजे लग्नघरी अपशकुन करणे नव्हे. नांदायचे असेल तर ती आपखुशीने नांदेल, एवढाच त्याचा अर्थ.