आल्फामाची चावी

लिस्बनला जावे असे मला कधी वाटले नव्हते. माझे वडील १९५५च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि आग्वादच्या तुरुंगात राहिले. पुढे माझ्या मुलाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, तेही माझ्याच १९५८च्या जन्मनोंदीच्या आधारे. कागद मी दिला. संमती दिली नाही. दोन वर्षे आमचे बोलणे कामापुरतेच होते. अखेर नातीच्या ओढीने गेलो.

एका रविवारी मुलगा आम्हा दोघांना आल्फामात घेऊन गेला. टेकडीच्या माथ्यावर सांव जॉर्जचा किल्ला, पायथ्याशी तेजो नदी आणि मधल्या उतारावर ही जुनी वस्ती. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त केला. खडकावर बसलेला आल्फामा बराचसा वाचला. त्यामुळे पलीकडच्या सखल भागात नव्याने आखलेले सरळ रस्ते दिसतात, तर इथल्या गल्ल्या पावसाच्या पाण्याने वाट काढावी तशा वाकड्या.

चढण सुरू होण्यापूर्वीच टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीची एक वास्तू लागते. १५२३ साली ती बांधवणारा ब्रास हा आफोंसो द आल्बुकर्कचा मुलगा. बापाने १५१०मध्ये गोवा घेतला. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मुलगा काही बोलला नाही.

पायऱ्या चढताना त्याने सांगितले, की आल्फामा हे नाव अरबी आहे. मूळ अर्थ ऊन पाण्याचे झरे. ११४७मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजाने हे शहर मुसलमान राजवटीकडून जिंकले. शहर गेले, नाव राहिले.

पुष्कळ दारांशेजारी आकडे फिरवून उघडण्याच्या लहान पेट्या दिसल्या. त्यांत प्रवाशांसाठी किल्ल्या ठेवतात. भाडी वाढल्याने जुने रहिवासी निघून जात आहेत. तरी एका खिडकीत वाळत घातलेल्या कपड्यांआड एक वृद्धा होती. तिच्या हातून काहीतरी खाली पडले आणि ती हाका मारू लागली. नातीने ते उचलले. "आजोबा, तिची 'शाव' पडली," ती म्हणाली. तिच्या हातात चावी होती.

त्या क्षणी लक्षात आले, की आपला 'चावी' हा शब्द इथलाच. राज्यकर्त्यांचे नाव निघताच वडिलांचा आवाज कठोर होई, पण रोज रात्री दाराला कुलूप लावून ते आईला हाक मारीत, "चावी कुठं ठेवू?" तुरुंगाने त्यांच्या तोंडचा तो शब्द काढून घेतला नव्हता, आणि त्या शब्दाने त्यांना परके केले नव्हते.

वडिलांचा राग खोटा नव्हता, माझाही नाही. पण एका कागदाने माझा मुलगा परका झाला, असे मी धरून चाललो होतो.

उतरताना दम लागला. मुलाला भाजी घ्यायची होती. मी म्हटले, "घराची चावी दे. आम्ही दोघं पुढं होतो."

त्याने ती माझ्या हातावर ठेवली. दोन वर्षांत मी त्याच्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू होती.