पाणी नंतर, माणसं आधी

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, बदलापूरला फ्लॅट बघितलाय. तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. रविवारी टोकन द्यायचं म्हणतोय. तू तिथला जुना माणूस, म्हणून विचारतो."

जुना माणूस! आम्ही 2002 साली इथे आलो. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती 98 हजारांच्या आसपास होती, 2011 ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत पाऊण लाखाहून जास्त माणसांची भर पडली, त्यात आमच्या घरची चार. तेव्हा मला जुना म्हणणं म्हणजे विठ्ठलवाडीला चढलेल्याने कल्याणला चढणाऱ्याला "जागा नाही" म्हणण्यासारखं आहे.

घर घेताना सेल्समनने समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून "तिथे गार्डन होणार" असं सांगितलं होतं. आज तिथे सात मजली इमारत आहे. त्याने फसवलं असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पण खरं सांगायचं तर नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्यात त्या जागेवर काय आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं. बोट बघितलं, नकाशा नाही.

मुंबईहून येताना एका ओळीत लागणारी आमची तीन गावं, पण तिन्ही वेगवेगळ्या क्रमाने वसली. उल्हासनगर मूळचं लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धातल्या बराकी, रस्ते आधी होते, फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्यात आले. 1949 मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. म्हणजे निदान रस्ते तरी माणसांच्या आधी आले होते! पण तात्पुरत्या मुक्कामासाठी केलेल्या सोयींवर एक अख्खं शहर चढत गेलं. पुढे कोर्टाने अनधिकृत इमारती पाडायला सांगितल्या आणि सरकारने 2006 साली त्या नियमित करायला खास कायदा केला. कागद नियमित झाला तरी गटाराची रुंदी तेवढीच राहते.

अंबरनाथचं वेगळं. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरीने कामगारांसाठी वसाहत बांधली, आणि वसाहत म्हटली की क्वार्टर्सबरोबर शाळा, दवाखाना, मैदान. माणसं किती येणार हे कारखान्याला ठाऊक होतं, कारण तोच त्यांना पगार देत होता.

आणि बदलापूर? बदलापूर सातबारा-सातबारा करत वाढलं. एकाने शेत विकलं, तिथे इमारत. शेजाऱ्याने भाव बघितला, त्यानेही विकलं. प्रत्येक इमारतीची परवानगी वेगळी बघितली तर बरोबरच असते. पण सगळ्यांची बेरीज कोण करतं?

भाच्याच्या फोननंतर मी कागदावर एक बेरीज केली. त्याच्या कॉम्प्लेक्समध्ये दोनशे फ्लॅट आहेत म्हणे. घरटी चार माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर (शहराच्या पाणीयोजनेसाठी हाच आकडा धरतात). रोजचे एक लाख आठ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर, रोज, एका कॉम्प्लेक्सला. आमच्याकडे जीवन प्राधिकरण उल्हास नदीतून, बॅरेजवरून पाणी उचलतं. नदीला कोणी नवा मजला चढवू शकत नाही. बारवी धरणाला मात्र चढवला. उंची वाढवून 2019 पासून त्यात जास्त पाणी साठतं, पण ते एमआयडीसीचं धरण, त्यावर ठाण्यापासून मीरा-भाईंदरपर्यंत अनेकांचा हक्क, आणि त्या वाढीव पाण्याखाली कुणाची तरी घरं गेली हेही आलंच.

तर आराखड्याबद्दल. त्यात शाळा, दवाखाना, मैदान यांची आरक्षणं दाखवलेली असतात. पण आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. जागा पालिकेने ताब्यात घ्यायला हवी, त्याला पैसे हवेत. 1966 च्या नगररचना कायद्याचं 127 वं कलम सांगतं की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत (पूर्वी सहा महिने होती, आता चोवीस) हालचाल झाली नाही तर आरक्षण संपलं. मालकावर हा अन्याय आहे असं मला वाटत नाही. कुणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण इमारतींना अशी वाट बघावी लागत नाही. त्या तीन वर्षांत उभ्या राहतात.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1985 मध्ये उलटा नियम केला होता. पाणी, सांडपाणी, रस्ते यांची सोय वस्तीबरोबरच झाली पाहिजे, नाहीतर परवानगी नाही. ऐकायला झकास! झालं काय, तर शहरातले रस्ते भरलेले म्हणून बिल्डर मोकळे रस्ते शोधत आणखी लांब गेले. 2011 मध्ये रस्ते, शाळा, बागा यांची सक्ती काढली. पाणी, सांडपाणी, कचरा यांची ठेवली. मला हे पटतं. रस्त्यांच्या नियमावर अडून बसलो तर आपल्याकडे सगळे वांगणी-नेरळला जातील (जातच आहेत म्हणा). पाण्यावर मात्र अडायलाच हवं. आपल्याकडेही झालंय. 2015 मध्ये हायकोर्टाने कचऱ्याच्या प्रश्नावरून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या. ती मनाई पुढे उठली, पण थांबवता येतं हे तरी कळलं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ. तो शांतपणे ऐकत होता, आणि मग म्हणाला, "मामा, म्हणजे मी येऊ नको?"

याला काय उत्तर देणार? डोंबिवलीत तो भाड्याने राहतो, दर अकरा महिन्यांनी सामान बांधतो. त्याच्या बजेटमध्ये बसणारं घर इकडेच मिळतं. 2002 मध्ये मलाही कुणी "पाणी पुरणार नाही, येऊ नकोस" म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं का? माझ्या घरातल्या नळाला जे पाणी येतं तेही कुणाच्या तरी वाट्यातलंच आहे.

शेवटी एवढंच म्हटलं की टोकन देण्याआधी पालिकेतून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा घे, आणि पाण्याचं कनेक्शन मंजूर असल्याचं पत्र बिल्डरकडे माग. तोंडी नको, पत्र.

काल पुन्हा फोन. पत्र "प्रोसेसमध्ये" आहे. नकाशा मात्र मिळाला. "मामा, शेजारच्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण आहे! पण मी बघून आलो, तिथे आत्ता भात लावलाय. शाळा कधीपर्यंत होईल?"

मी विचारलं, छकुली केवढी झाली?

"दीड वर्षाची."

टोकन त्याने अजून दिलेलं नाही. रविवारी आम्ही दोघं तिथे जाणार आहोत. सकाळी लवकर, पाणी यायच्या वेळेला. कॉम्प्लेक्सचा पहिला टप्पा राहता झालाय, तिथल्या बायकांना विचारू.