तारप्याच्या वेटोळ्यात पेडल

वारली चित्रातला तारपा नाच म्हणजे मुलुंड पश्चिमेतल्या एका इनडोअर सायकलिंग प्रशिक्षिकेसाठी तासाचा आयता नकाशा. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हात गुंफून वेटोळं घालणारी माणसं. सूर बदलला की नाच वळतो, पण तारप्याकडे पाठ कुणी करत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणूजवळच्या गंजाडला राहून हे वेटोळं जगभर पोचवलं. तिच्या वर्गात त्याची सुरुवात 80 आरपीएमला होते. दर दोन मिनिटांनी पाच-पाच वाढवत 110 गाठायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचं. वेग वाढला तरी रेझिस्टन्स शून्यावर आणू देत नाही ती. या सायकलचं जड फ्लायव्हील पायांना मोकळं सोडत नाही. भार नसला तर चाकच पाय ओढू लागतं आणि गुडघे हिसके खातात.

पावसाळ्यात येऊरचा चढ आणि एलबीएस मार्ग दोन्ही नकोसे होतात, तेव्हा वर्ग भरतो.

पडद्यावर चित्र लावणं तिला मुळीच मान्य नाही. घामाने डोळे चुरचुरत असताना कुणी चित्र बघत नसतं. चित्र घडलं कसं, ते पायांत उतरलं पाहिजे.

झाँ मेत्झांजे यांनी 1912 साली पॅरिस-रूबे शर्यतीचा शेवट रंगवला. स्वाराच्या डोक्याआरपार प्रेक्षक दिसतात, रंगात वाळू कालवलेली आहे. ही शर्यत ओबडधोबड दगडी रस्त्यांवरून जाते. म्हणून इथे अर्धा मिनिट जड, अर्धा मिनिट हलकं; आणि हँडलबार सैल धरायचा, कारण दगडांवर आवळलेले हात आधी थकतात.

सगळ्यांत अवघड वासुदेव गायतोंडे. 1948 साली जे. जे.मधून बाहेर पडलेल्या या चित्रकाराने पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवले, खरवडले. वर्षाला मोजकीच चित्रं केली. त्यांच्या तासाला 60 ते 65 आरपीएम, बसूनच, एकच लांब चढ. नॉब दर वेळी इतका थोडा फिरवायचा की फरक मांडीला उशिरा कळावा. शब्द असलेलं गाणं नाही. काहींना कंटाळा येतो, ते पुढच्या वेळी तारपा मागतात. गायतोंडे वेळापत्रकातून काढायची मात्र तिची तयारी नाही. घाईच्या पायांना सर्वांत जास्त गरज याच तासाची आहे, असं तिचं ठाम मत.

सध्या वहीत उंबेर्तो बोच्चोनी यांचा 1913 चा सायकलस्वार आहे. तो चित्रात इतका सुसाटतो की सायकल आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. त्याला किती आरपीएम द्यायचे हे ठरायचंय. 110 च्या वर ती कुणाला नेणार नाही, एवढं पक्कं आहे.