मागचे टायर, पुढचे टायर

दिवाळी जवळ आली की घरोघरी खरेदीच्या याद्या होतात. आमच्या घरच्या यादीत पणत्या, उटणे, मुलांचे कपडे यांच्याखाली गेली काही वर्षे आणखी एक ओळ असते : ‘टायर सहा. स्टेपनी पाहणे.’ एखाद्या पाहुण्याच्या हाती ती यादी पडली तर तो आधी हसतो, आणि मग माझ्याकडे जरा काळजीने पाहतो. पंचवीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या माणसाचा ट्रकच्या टायरांशी काय संबंध, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येतो.

संबंध आला तो दादामुळे. लांज्याकडच्या चिरेखाणीवरून घाटावर चिरे पोचवणारा एक सहा टायरी ट्रक, त्याच्यावरचे थोडे कर्ज आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, एवढे मागे ठेवून दादा अचानक गेला. ट्रक विकून मोकळे व्हा, असे सगळ्यांनी सांगितले. वहिनी मात्र म्हणाल्या, “भावजी, गाडी फिरती आहे तोवर घर चालेल. तुम्ही फक्त हिशेब बघा.” हिशेब म्हणजे बेरीज-वजाबाकी, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दादा होता तेव्हा त्याच्या टायरवेडाची मी पुष्कळ थट्टा केली होती. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबे ठेवली, की हा गृहस्थ प्रसाद खायचा सोडून चाकापाशी उकिडवा बसे, खाचांत बोट घालून खोली पाही, आत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढी. “अरे, पूजा झाली ना?” मी म्हणे. “पूजा गाडीची झाली. टायरांची राहिलीय,” तो उत्तर देई.

त्या वर्षी पाऊस सरला, खाणी सुरू व्हायची वेळ आली, आणि आमचे ड्रायव्हर मामा दारात येऊन उभे राहिले. हे शाहूवाडीकडचे, दादाच्या गाडीवर पंधरा वर्षे काढलेली. म्हणाले, “गुरुजी, टायर संपलं. नवं बघाय पायजेत.” सहा टायर म्हणजे लाखावरचा खर्च! माझी बेरीज-वजाबाकी तिथेच अडखळली.

आता या गाडीची वाट कशी आहे ते सांगायला हवे. खाणीपासून डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर नुसता सडा : कातळ, खड्डे आणि तांबडी माती. जांभा जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो, कापून वाऱ्या-उन्हात ठेवला की कडक होतो. विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून 1807 साली फ्रान्सिस ब्युकानन यांनी या दगडाला लॅटराइट असे नाव दिले. पण त्याची माती एका सरीत लोण्यासारखी होते. त्या चार किलोमीटरनंतर मात्र सगळी डांबरी सडक : गोवा महामार्गाने पाली, तिथून वळून नाणीज, साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर आणि कोल्हापूर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

या दोन वाटांना दोन वेगळे टायर लागतात, आणि गाडी तर एकच. टायरच्या अंगावरची नक्षी शोभेसाठी नसते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. एका प्रकाराला ‘लग’ म्हणतात. त्याला आडवे, जाड, खोल खाचांचे ठोकळे असतात. ते चिखलात रुततात, पकड घेतात आणि फिरता फिरता चिखल झटकून टाकतात. पण तेच ठोकळे डांबरावर घुमत राहतात, तापतात, वाकडेतिकडे झिजतात आणि डिझेल जास्त पितात. दुसरा प्रकार ‘रिब’. त्याच्या धारा चाकाभोवती उभ्या सलग धावतात. तो सरळ चालतो, स्टिअरिंगचे ऐकतो, ओल्या रस्त्यावरचे पाणी बाजूला काढतो. पण चिखलात त्याच्या धारा भरून जातात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी गरगरते.

एवढ्यावर भागत नाही. नायलॉनचा घ्यावा की रेडियल, हा पुढचा पेच. नायलॉनच्या टायरात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके बसवलेले असतात. त्याची कूस जाड, दगडाचा मार सोसणारी. रेडियलचे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. तो लांबच्या सडकेवर कमी तापतो, डिझेल वाचवतो, पण त्याची कूस नाजूक, धारदार दगडाने चिरते. चिऱ्यांची गाडी म्हटल्यावर दगड चुकणार कसा? आमच्या गाडीला नायलॉनच बरा, यावर सगळ्यांचे एकमत होते. नक्षीवर मात्र नव्हते.

मी चार जणांना विचारले. खाणीवरचे लोक म्हणाले, सहाही लग घ्या, मे महिन्यात वळीव आला तरी गाडी अडणार नाही. दुकानदाराने एकसारखे सहा घेतले तर किंमत कमी करण्याची तयारी दाखवली. मामा तेवढे मान खाली घालून म्हणाले, “म्होरं रिबच घ्या, गुरुजी. दादा म्होरं रिबच घालायचं.” मी त्यांना सवलतीचा आकडा करून दाखवला. मामा गप्प बसले. वर्गात मुलगा असा गप्प बसला की त्याला समजले असे मी धरीत नाही. त्या दिवशी धरले.

सात महिने सगळे सुरळीत चालले. गाडी चिखलात एकदाही अडली नाही आणि मी स्वतःवर खूष होतो. जूनच्या पहिल्या पावसात मामा रिकामी गाडी घेऊन कोल्हापुराहून परतत होते. आंबा घाटाच्या उतारावर एका वळणाशी त्यांनी स्टिअरिंग फिरवले. चाके वळली, गाडी वळली नाही. ती सरळ घसरत डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन आदळली. वळण दुसऱ्या हाताचे असते तर समोर दरी होती.

मी पोचलो तेव्हा क्लीनर पोर कपाळाला रुमाल दाबून दगडावर बसले होते. त्याला तीन टाके पडले. ते पोर अठरा वर्षांचे. मामा मला काही बोलले नाहीत. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य माणसाला किती सहज सुचते, आणि ते न बोलणे किती अवघड असते, हे मास्तराइतके कोणाला ठाऊक असणार? मीच म्हणालो, “मामा, चूक माझी.” ते थोडा वेळ पुढच्या चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्होरली चाकं वाट बघत्यात, गुरुजी. मागली वझं ढकलत्यात. दोगांस्नी एकच काम सांगून कसं व्हईल?”

घरी आलो आणि त्या रात्री पुन्हा हिशेबाला बसलो. चार किलोमीटर चिखल आणि सव्वाशे किलोमीटर सडक. चिखलात गाडी अडली तर एक खेप बुडते, फार तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. घाटात गाडी घसरली तर काय बुडते, याचा आकडा मला मांडता येईना. मी जिथे गाडी अडेल त्या जागेचा विचार केला होता. जिथे माणूस जाईल त्या जागेचा केला नव्हता. दादाने मात्र तो केला होता.

त्या दिवाळीपासून आमची पद्धत ठरली. पुढे दोन नवे रिब; तिथे घासाघीस नाही, रिमोल्ड नाही. मागच्या चार चाकांना सेमी-लग, म्हणजे मधे धारा आणि खांद्यावर ठोकळे. हा ना पुरता चिखलाचा, ना पुरता सडकेचा, पण ओझे ढकलायला दोन्हीकडे चालतो. काटकसर करायची तर मागे : तिथे चांगल्या सांगाड्यावर रबर चढवून घेतले तरी चालते. टायरच्या कुशीवरचे शेवटचे चार आकडे मी आता चष्मा लावून वाचतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये. जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का ते खाणीतून बाहेर पडताना पाहायचे. आणि वळीव पडला की खेप रद्द. चिरे एक दिवस थांबतात.

यंदाही टायर आले. पुतणीचे शिक्षण संपले, ती आता नोकरीला लागली, कर्जही फिटले. क्लीनरचे लायसन झाले आहे, पण घाटात गाडी अजून मामाच चालवतात. परवा दसऱ्याला त्याने माळ बांधली, तेव्हा कपाळावरचा तो व्रण पाहून माझी नजर नेहमीसारखी खाली गेली. वहिनी प्रसाद घेऊन आल्या. “भावजी, पूजा झाली ना? आता उठा की!”

मी पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून खाचेतला खडा उकरत होतो.