पाठीवरचा पंप

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत एकदा तरी लिहिलेला असतो. मीही लिहिला होता. पहिले पान वरदानाचे, दुसरे शापाचे, आणि शेवटी 'यंत्राचा उपयोग कसा करायचा हे माणसाच्या हाती आहे' हे ठरलेले वाक्य. गुण चांगले पडले. पण कोणत्या माणसाच्या हाती, असा प्रश्न ना मला पडला, ना तपासणाऱ्या गुरुजींना. तो पडला गेल्या श्रावणात, काकांच्या उसाच्या बांधावर.

त्या दिवशी मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावात पहिल्यांदाच फवारणीचा ड्रोन आला. बांधावर जत्रा जमली. पोरे तर शाळा बुडवून आली होती. एका छोट्या टेंपोतून एक तरुण उतरला. त्याने यंत्राचे मिटलेले हात उघडले, दहा लिटरची टाकी भरून घेतली, बॅटरी बसवली आणि हातातल्या खोक्याची दांडी हलवली. प्रचंड मोठ्या भुंग्यासारखा आवाज करीत यंत्र वर उठले आणि उसाच्या शेंड्यांवरून सरळ रेषेत जाऊ-येऊ लागले. खाली पाने वादळात सापडल्यासारखी झोडपली जात होती. दहा मिनिटांच्या आत एकर संपला. पाठीवरच्या पंपाने तेवढ्याच रानाला दिवसाचा बराच भाग लागतो आणि पाणी दीड-दोनशे लिटर.

सगळे वर बघत होते. बाजूला आंब्याखाली मामा उभे होते. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, गावाच्या नात्याने मामा. स्वतःचे रान नाही. गेली वीस-बावीस वर्षे आमच्या शिवारात औषध मारायचे ते त्यांनीच. मजुरी पंपावर. जितके पंप मारले तितके पैसे.

आपल्याकडे विषाला औषध म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकले. मामांना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, पाय उघडे, पंपाच्या झाकणातून झिरपणाऱ्या पाण्याने पाठ भिजलेली. संध्याकाळी साबणाने तीन-तीनदा हात धुतले तरी भाकरीला वास यायचा, म्हणून मामी त्यांना घास भरवीत. गावात त्याची थट्टा होई. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती बातमी आली तेव्हा थट्टा थांबली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा, असा प्रकार झाला होता. आमचा ऊस तर त्याहूनही उंच.

मी मामांजवळ गेलो. म्हटले, "मामा, आता तुमची पाठ सुटली."

मामा हसले. म्हणाले, "पाठ सुटली रे. खरं पोट कुठं सुटलंय?"

याला उत्तर माझ्या निबंधात नव्हते.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. ऊस डोक्यावर गेल्यावर आत माणूस घालायचा कसा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. वेळेवर मजूर मिळत नाही हेही खरे. आणि मामांच्या छातीतून विष गेलेच पाहिजे, तरच त्यांना भाकरी मिळावी, असे कोणता शहाणा म्हणेल?

पुढे ग्रंथालयात 'रोबोट' या शब्दाची जन्मकथा वाचनात आली. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. त्यातल्या कृत्रिम कामकऱ्यांना काय म्हणावे हे त्याला सुचेना, तेव्हा भाऊ योसेफ याने हा शब्द सुचवला. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ! ज्या देशाला वेठबिगारी बंद करण्यासाठी 1976 साली कायदा करावा लागला, तेथल्या माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. यंत्राने वेठ आपल्या अंगावर घ्यावी, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण वेठीबरोबर मजुरीही उचलून नेली, तर सुटलेल्या माणसाने जायचे कोठे?

याचे एक उत्तर केरळात सापडते. 2018 साली तिरुवनंतपुरम येथे गटारांच्या मॅनहोलमध्ये उतरून सफाई करणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्र कामाला लागले. काही तरुण अभियंत्यांनी ते बनवले. मला त्यातली यंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटली. जी माणसे पूर्वी स्वतः त्या घाणीत उतरत, त्यांनाच यंत्र चालवायला शिकवले गेले. माणूस वर आला आणि कामही त्याच्याच हाती राहिले.

ड्रोनच्या बाबतीत तसे का होऊ नये? सरकारने 2021 च्या ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम केले. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. ही पावले चांगलीच आहेत. पण ड्रोन चालवण्याचा परवाना हवा तर 2021 च्या नियमांनी दहावी पास ही अट घातली. मामा चौथीपर्यंत शिकलेले. कोणत्या किडीला कोणत्या दिवसांत मारायचे, वारा कोणत्या दिशेचा असता थांबायचे, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण ती विद्या कोणत्याही प्रमाणपत्रावर येत नाही.

त्या दिवशी मामांना काम मिळाले. ड्रोनवाल्याच्या टाकीत औषध कालवून ओतण्याचे. ड्रोनला पाणी थोडे लागते, त्यामुळे टाकीतले मिश्रण पंपातल्यापेक्षा कितीतरी दाट असते. म्हणजे यंत्र आकाशात गेले, आणि विष मात्र पहिल्यापेक्षा कडक होऊन त्याच उघड्या हातांपाशी राहिले. ही गोष्ट बांधावरच्या एवढ्या गर्दीत कोणाच्या ध्यानात आली नाही. मीही वरच बघत होतो.

दुसऱ्या टाकीच्या वेळी मामांनी बाटली माझ्यापुढे धरली. "अक्षरं बारीक हायत, वाच की जरा." मी वाचू लागलो, तोच ते म्हणाले, "हातमोजे घाला म्हणून लिवलंय, व्हय? ते मला ठाव हाय. तिकोन पिवळा हाय न्हवं? म्हंजे जहाल." बाटलीवरच्या रंगाची भाषा त्यांना येत होती. नव्हते ते हातमोजे.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावच्या बाजारातून रबरी हातमोज्यांचा एक जोड घेतला आणि मामांना नेऊन दिला. फार मोठे काही केले असे नव्हे. मामांची मुलगी यंदा दहावीला आहे. तिने जोड उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारले, "दादा, ते यंत्र चालवायला शिकवतात कुठं?"

तेवढी चौकशी मी सध्या करतो आहे.