नियम थेट चाकात!

गाडी आपोआप हळू झाली हो! मी काहीच केलं नव्हतं. 2022 चा उन्हाळा, पॅरिस, आणि भाचीच्या आग्रहाखातर भाड्याच्या विजेच्या स्कूटरवर उभी असलेली मी. उभीच, कारण हिला सीट नसते; पाय ठेवायला फळी, दोन चिमुकली चाकं आणि हँडल, एवढाच संसार. एका शाळेच्या रस्त्याला लागलो आणि वेग ताशी वीस किलोमीटरवरून थेट दहावर. मला वाटलं, बॅटरी संपली. भाची म्हणाली, "अगं मावशी, इथे दहाच चालतं. महापालिकेनं सांगितलंय." कुणाला सांगितलंय? "स्कूटरला!"

तेव्हापासून मी ज्याला त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. रहदारीचा नियम म्हणजे पाटी, पाटीखाली पोलीस आणि पोलिसाच्या हातात पावतीपुस्तक, एवढंच मला आजवर ठाऊक. इथे महापालिकेनं नकाशावर रेघ ओढायची, कंपनीनं ती आपल्या यंत्रणेत भरायची, आणि उपग्रहाच्या खुणेवरून मोटरनं मुकाट ऐकायचं! नोव्हेंबर 2021 पासून शाळा, बागा, चर्च, बाजाररस्ते अशा सुमारे 700 ठिकाणी हे दहाचं बंधन होतं.

आणि उतरताना तर आणखी मजा. नदीकाठी मला उतरायचं होतं, पण ॲप फेरी संपवूच देईना. जमिनीवर रंगवलेल्या चौकटीतच गाडी लावा, फोटो काढा, मग सुटका. तोवर मीटर चालूच! शहरभर अशा सुमारे अडीच हजार चौकटी होत्या, त्यातल्या कित्येक मोटारींच्या पार्किंगची जागा काढून घेऊन आखलेल्या. मोटारवाल्यांची जागा! हे वाक्य मी पुण्यात मोठ्यानं म्हणायलाही धजत नाही.

मग अर्थातच मी मुळाशी गेले. सप्टेंबर 2017, कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका. बर्ड नावाच्या कंपनीनं कुणाची परवानगी न घेता स्कूटर फुटपाथवर आणून ठेवल्या. शहरानं सरळ फौजदारी तक्रार ठोकली. पुढच्या फेब्रुवारीत तीन लाख डॉलरच्या वर रक्कम भरून कंपनीनं मिटवलं. पण खरा डाव टाकला सॅन फ्रान्सिस्कोनं. 2018 च्या वसंतात बर्ड, लाइम आणि स्पिन अशाच घुसल्या. शहर म्हणालं, जूनपासून सगळं रस्त्यावरून उचला, रीतसर अर्ज करा. ऑगस्टमध्ये परवाने निघाले ते भलत्याच दोघांना, स्कूट आणि स्किप, सुरुवातीला प्रत्येकी 625 गाड्यांचे. आधी घुसलेल्या तिघींपैकी एकीलाही नाही! हे वाचून मी एकटीच टाळ्या पिटत बसले.

सांता मोनिकाही पुढे शहाणं झालं. कंपनीनं किती गाड्या ठेवायच्या हा आकडा त्यांनी वापराला बांधला: गाड्या भरपूर फिरतात? वाढवा. नुसत्या उभ्या राहतात? कमी करा. किती साधं! लॉस एंजेलिस त्याच्याही पुढे गेलं. 2018 मध्ये त्यांच्या वाहतूक खात्यानं माहितीची एक ठरावीक भाषाच तयार केली: गाडी कुठे उभी आहे, कुठून कुठे गेली, हे प्रत्येक कंपनीनं त्याच साच्यात शहराला कळवायचं. पुढे जगभरच्या शहरांनी हा साचा उचलला. यावर माझ्या आनंदात थोडा मिठाचा खडा पडतो, कारण माझी फेरी सरकारदरबारी नोंदली जाणं मला आवडणार नाही. अमेरिकेत काही स्वारांनी हाच मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं. 2022 मध्ये अपिलातही ते हरले.

आता धक्का. एवढी जय्यत यंत्रणा असलेल्या त्याच पॅरिसनं 2 एप्रिल 2023 ला मतदान घेतलं: भाड्याच्या स्कूटर ठेवायच्या की नाही? 89 टक्के म्हणाले, नाही! मतदान झालं जेमतेम साडेसात टक्के. ज्यांना फुटपाथवर या गाड्या चुकवत चालावं लागलं ते आले, ज्यांना त्या आवडत होत्या ते रविवारी घरी लोळत राहिले, असा माझा आपला तर्क. तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी कौल पाळला. लाइम, डॉट आणि टिअर या तीन कंपन्यांना मिळून 15,000 गाड्यांची मुभा होती. सप्टेंबर उजाडला तेव्हा रस्त्यावर त्यातली एकही उरली नव्हती. मी चिडले. मग आठवलं, सुरुवातीला तिथे डझनभर कंपन्यांनी मिळेल त्या कोपऱ्यात गाड्या फेकल्या होत्या. नियम आले तोवर लोकांचं मन विटलं असणार.

पण थांबा, अजून आहे! पॅरिसमध्ये बंदी फक्त भाड्याच्या गाडीवर. स्वतःची विकत घेऊन खुशाल फिरा. आणि लंडन? तिथे नेमकं उलटं! स्वतःची स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर आणणं बेकायदा, पण 2021 पासून प्रयोग म्हणून सुरू झालेली भाड्याची चालते, आणि तीही वाहन चालवायचा परवाना असेल तरच. एकच फळी, तीच दोन चाकं, मध्ये फक्त एक खाडी! भाचीला आत्ताच फोन लावलाय. पुढच्या खेपेला पॅरिसहून रेल्वेनं लंडन.