कोबेच्या गल्लीतली मोची

कोबेहून मी सासूबाईंना पत्रात लिहिलं, "काल शेजारी मोची केली, फार मजा आली." उलट टपाली त्यांचं उत्तर आलं, "मोची घरी बोलावण्यात कसली मजा? चपला तुटल्या होत्या का?" त्यांना समजावता समजावता आणखी दोन पत्रं खर्ची पडली! जपानात मोची म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला मऊ लुसलुशीत गोळा. गोडाचाही होतो, सुपातही पडतो.

यजमानांच्या नोकरीमुळे १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षं आम्ही कोबेला होतो. समोर समुद्र, पाठीशी रोक्कोचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या उतारावर वसलेलं शहर. व्यापारासाठी गेलेली आपली माणसं तिथे पुष्कळ, पण आमच्या गल्लीत आम्हीच काय ते परके. शेजारच्या बाईंना मी ओबासान म्हणायची, म्हणजे मावशी. त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई सगळ्या गल्लीच्या ओबाआसान, म्हणजे आजी. फरक काय तो एका लांब 'आ'चा. जीभ घसरून मी कितीदा मावशींची आजी करून टाकली असेल!

तिथलं नवं वर्ष १ जानेवारीचं, पण थाट आपल्या दिवाळीचा. मोची २८ डिसेंबरला करायची. २९ ला नको, कारण नवाचा उच्चार 'कु', आणि 'कु' म्हणजे दुःखही. ३१ ला केली तर देवाचं घाईघाईत उरकल्यासारखं होतं. ऐकून मला आपल्याकडचे मुहूर्त आठवले.

१९८५ सालच्या २८ डिसेंबरला ओबासाननी मला पहाटेच हाक मारली. डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. रात्रभर भिजलेले तांदूळ लाकडी चौकटीत फडक्यावर घालून वाफेवर ठेवले होते. अंगणात दगडी उखळ. त्यात आधी कढत पाणी ओतून ते चांगलं गरम करून घेतलं, कारण गार दगडावर भात निवला की मग तो एकजीव होत नाही. ओबासानच्या मुलाने लांब दांड्याचा लाकडी हातोडा घेतला, पण घाव घालायचं नावच नाही. अंगाचा भार देऊन दाणे नुसते चेपत तो उखळाभोवती फिरला. पहिल्यापासून घाव घातले तर भात अंगणभर उडतो म्हणे!

मग खरं काम. त्याने हातोडा उचलला की तेवढ्या क्षणात दुसऱ्या माणसाने ओल्या हाताने गोळा उलटायचा आणि घाव पडायच्या आत हात बाहेर काढायचा. ताल चुकला तर बोटं गेलीच. गोळा उलटायचं हे काम चाळीस वर्षं आजींचं. आधी नवऱ्याबरोबर, मग मुलाबरोबर, अलीकडे नातवाबरोबर. त्या वर्षी गुडघे पार गेले, म्हणून पहिल्यांदाच तिथे ओबासान बसल्या. आजी ओटीवर रजई पांघरून बसल्या होत्या. पहिल्या तीन-चार घावांना ओबासानचा हात अडखळला. मुलगा थांबला. आजी तिथूनच म्हणाल्या, "हातोड्याकडे बघू नकोस. माझा आवाज ऐक." आणि "योइशो! योइशो!" अशी त्यांनी लय धरली. दोन-तीन मिनिटांत हात असा चालू लागला की मी बघतच राहिले.

पहिल्या गोळ्याच्या दोन मोठ्या मोची करून एकीवर एक ठेवल्या, देवासाठी. वर कडू संत्रं. त्याचं नाव दाइदाइ, आणि दाइदाइचा अर्थ पिढ्यान्पिढ्या असाही होतो. ११ जानेवारीला ही मोची हातोडीने फोडायची. तिला सुरी लावायची नाही.

गोड मोचीत पुरण घालतात, तेही डाळीचं नाही, आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं. आपल्याकडे लाल चवळीचं केलं तरी चालतं. तांदूळ मात्र चिकटच हवा. पुण्याला परतल्यावर मी आंबेमोहोराच्या पिठीवर प्रयोग केला, तर मोदकही नाही आणि मोचीही नाही असं काहीतरी झालं. आपल्या तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो, त्या तांदळात जवळजवळ सगळा चिकट प्रकारचाच. आसामचा बोरा तांदूळ मिळाला तर जमतं.

उखळ नाही म्हणून अडत नाही. चिकट तांदळाची पिठी एक वाटी, साखर पाव वाटी, पाणी पाऊण ते एक वाटी. गुठळ्या मोडून कुकरमध्ये शिट्टी न लावता वीस मिनिटं वाफवा, मध्ये एकदा ओल्या चमच्याने ढवळा. कॉर्नफ्लॉवर भुरभुरलेल्या ताटात काढा. हातालाही तेच लावा, नाहीतर बोटं सुटणार नाहीत. कोमट असतानाच पारी करून पुरणाची गोळी भरा. त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये ठेवली की दगड!

आणि लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना जपून द्या. जपानात दर नववर्षाला मोची घशात अडकून माणसं जातात, अग्निशामक दल आधीपासून सूचना देत असतं. आजींनाही आदल्या वर्षी घास अडकला होता. पाठीत थापट्या मारून कसाबसा निघाला. तेव्हापासून घरात फर्मान होतं, आजींना मोची बंद.

१ जानेवारीला सकाळी आम्हाला त्यांच्याकडे बोलावणं होतं. मोचीच्या सुपात माशाचा अर्क असतो, पण माझ्यासाठी ओबासाननी समुद्रातल्या कोम्बू शेवाळाचं सूप वेगळं केलं होतं. सगळ्यांच्या वाडग्यात मोची. आजींच्या वाडग्यात मोचीऐवजी तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. आजींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, काड्या खाली ठेवल्या. मग कुणाचाच हात पुढे जाईना.

ओबासान उठल्या आणि कात्री घेऊन आल्या. एक मोची सुपात अगदी मऊ होऊ दिली, तिचे चिंचोक्याएवढे तुकडे केले. आधी आजींना दोन घोट चहा पाजला. मग एक तुकडा. चावून गिळला का, तोंड उघडून दाखवा, मग दुसरा. मुलगा कपाळाला आठ्या घालून बघत होता, पण आईला अडवायची त्याची छाती झाली नाही. असे सहा तुकडे झाले. सहाव्याला आजींनी तोंड तर उघडून दाखवलंच, वर सुनेला जीभही काढून दाखवली.